‘आईला काहीतरी होतंय’: घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं दुखणं ओळखायचं आणि सांभाळायचं कसं

रात्री साडेनऊला फोन आला. “डॉक्टर, आईंना काहीतरी होतंय. काय ते नीट सांगता येत नाही, पण दोन दिवस पेपर उघडलेला नाही त्यांनी.” पुण्यातलं, नारायण पेठेतलं घर, सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. ताप नाही, खोकला नाही, छातीत दुखत नाही. शेजारच्या काकूंनी निकाल देऊनही टाकला होता, आता वय झालं, चालायचंच. मी गेले तेव्हा आजी खुर्चीत टेकून बसल्या होत्या. श्वास मिनिटाला अठ्ठावीस, बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८८. न्यूमोनिया निघाला. सुनेला पेपरची घडी तशीच पडलेली दिसली, म्हणून तो वेळेत सापडला.

पेठांमध्ये पंचवीस वर्षं दवाखाना चालवताना ‘वय झालं’ हे शब्द मी हजारदा ऐकलेत, पण केसपेपरवर निदानाच्या जागी कधी लिहिले नाहीत. सत्तरीनंतर आजार पुस्तकातल्यासारखा येत नाही. जंतुसंसर्ग तापाशिवाय येतो. हार्ट अटॅक, विशेषतः मधुमेहींना, छातीत न दुखता नुसती धाप किंवा घाम घेऊन येतो. थायरॉइड कमी झालं की माणूस उदास वाटतो. आत काहीही बिघडलेलं असो, बाहेर दिसणाऱ्या गोष्टी मात्र चार-पाचच असतात: पडणं, गोंधळणं, जेवण तुटणं, अंथरूण न सोडणं, लघवीवरचा ताबा जाणं. यातलं काही नव्याने दिसलं की तो आजार आहे असं धरूनच चालायचं.

पहिलं काम: ‘नेहमीचं’ काय ते लिहून ठेवा

हे सगळं ठीक असताना करायचं. शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर आईंचा किंवा नानांचा साधा दिवस लिहा. किती वाजता उठतात, किती पोळ्या खातात, रात्री लघवीला कितीदा उठतात, कुठपर्यंत चालत जातात, बँकेचं कोण बघतं, कोडं सोडवतात का, वजन किती. याचं मोल कळतं ते बदल झाल्यावर.

माझ्याकडचे एक अण्णा रोज पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या चढायचे. दिवाळीनंतर ते खालच्या सारसबागेतच बाकावर बसायला लागले. विचारलं तर “थंडी आहे हो” म्हणायचे. थंडी कसली, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. घरच्यांना बदल दिसत होता, पण त्याची तारीख कुणाला सांगता येईना.

मुलं परदेशात किंवा बंगळुरूला असतील तर व्हिडिओ कॉलवर “कशी आहेस?” विचारून काही हाती लागत नाही, “मी मजेत, तू जेवलास का?” एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी “आई, आतून तेवढा माझा लहानपणचा फोटो आण ना” म्हणा आणि बघा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठली का, चालताना भिंत धरली का, परत येईपर्यंत काय आणायला गेलो होतो ते लक्षात राहिलं का. डॉक्टर याचीच जरा शिस्तीत चाचणी घेतात: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. याला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात.

दुसरं काम: बदल किती वेगाने झाला ते ठरवा

माझ्या मते निदानाचं अर्धं काम इथेच होतं आणि ते घरचेच करू शकतात. तासांत बिघडलं, दिवसांत, की महिन्यांत?

तासांत म्हणजे पक्षाघात, हृदय, साखर खाली जाणं. त्याचं शेवटी बघू, कारण तिथे विचार करत बसायचं नसतं.

दिवसांत बिघडलं तर जास्त सावध व्हा, कारण हाच प्रकार सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. चार दिवसांपूर्वी हिशेब ठेवणारे नाना आज मुलाला भावाच्या नावाने हाक मारतात, संध्याकाळी जास्त बडबडतात, सकाळी पुन्हा ठीक वाटतात. घरचे म्हणतात, विस्मरणाचा आजार लागला. विस्मरणाचा आजार चार दिवसांत लागत नाही. हा तीव्र भ्रम, आमच्या भाषेत डिलिरियम. त्याचा एक गप्प प्रकारही असतो: माणूस आरडाओरडा करत नाही, नुसता गुंगीत पडून राहतो आणि सगळ्यांना वाटतं, चला, शांत झोप लागली. घरच्या घरी ओळखायचं तर आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. रविवार, शनिवार, शुक्रवार… मध्येच धागा सुटत असेल, लक्षच टिकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. (एका आजींनी मला वार सोडून मराठी महिने उलटे म्हणून दाखवले, फाल्गुनापासून चैत्रापर्यंत, न अडखळता. मलाच मध्ये एकदा मनात मोजावं लागलं.)

भ्रमाची कारणं बहुतेक साधी आणि बरी होणारी असतात. छातीतला किंवा लघवीतला संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, साखर वर-खाली होणं, पाच-सहा दिवस शौचाला न होणं, लघवी तुंबणं, पडून झालेलं न कळलेलं फ्रॅक्चर, नवी गोळी. कोथरूडचे एक आजोबा असेच रात्रभर कपडे ओढत होते. झोपेचं इंजेक्शन द्या म्हणून बोलावलं होतं. पोट तपासलं तर ओटीपोटात मूत्राशय फुगून वर आलेलं. प्रोस्टेट वाढलेलं होतंच, वर सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी चार दिवस घेतली होती. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं आणि ते प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडवू शकतं. नळी घातली, नऊशे मिली लघवी निघाली, आणि तासाभराने आजोबांनी नातवाला नावाने हाक मारली. झोपेचं इंजेक्शन दिलं असतं तर काय झालं असतं, याचा मी आजही विचार करते.

यात एक उलटा सापळाही आहे. वयस्कर बायकांच्या लघवीत कुठलाही त्रास नसताना जंतू सापडणं अगदी नेहमीचं. रिपोर्टवर ‘बॅक्टेरिया’ दिसले म्हणून लगेच अँटिबायोटिक लावायचं नसतं. जळजळ, ताप, नव्याने वारंवार जावं लागणं असं काही आहे का ते आधी बघायचं. नाहीतर रिपोर्टवर उपचार होतो आणि भ्रमाचं खरं कारण तसंच राहतं.

दिवसांतलं आणखी एक. पायातली ताकद दोन-चार दिवसांत जाते आहे, आधी पावलं, मग गुडघे, मग मांड्या, तर ते गुडघ्याचं दुखणं नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) रुग्ण एकदम वाढले, तेव्हा हा शब्द पुण्यात घरोघरी पोचला. अशा वेळी थेट मोठं रुग्णालय.

महिन्यांत झालेला बदल सावकाश तपासता येतो, पण तपासायचा असतोच. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षात वजन पाच टक्के उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर शोध घ्यायला हवा. साडीचा ब्लाउज सैल होणं, कवळी हलायला लागणं, ही घरात दिसणारी खूण.

विसरण्याबद्दल थोडं थांबून सांगते. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि आयुष्यभर केलेल्या पुरणपोळीची कृती मध्येच हरवणं वेगळं. रोजच्या रस्त्यावर चुकणं, एकाच बिलाचे पैसे दोनदा देणं, तासाभरात तोच प्रश्न पाचव्यांदा विचारणं, हे नोंदवा. डॉक्टर तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, मध्ये घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावतात आणि मग ते तीन शब्द विचारतात. पाच मिनिटांत अंदाज येतो. पण डिमेन्शियाचा शिक्का मारण्याआधी चार गोष्टी तपासून झाल्याच पाहिजेत: थायरॉइड, बी-१२, नैराश्य आणि कान. कानाचं कुणी मनावर घेत नाही. ज्याला प्रश्नच ऐकू गेला नाही तो उत्तर काय देणार? एका काकूंचा ‘विसराळूपणा’ मी कानातला मळ काढून निम्मा केला होता.

तिसरं काम: घरी मोजा, पण नीट मोजा

बीपीचं दंडाला लावायचं डिजिटल मशीन, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि वजनकाटा. एवढं सामान पुरतं. मनगटाचं मशीन घेऊ नका, आकडे फसवतात.

बीपी घेण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना नको. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरवर नाही. दोनदा मोजायचं, मध्ये एक-दोन मिनिटं सोडून. घरात सलग आठवडाभर सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर बीपी आहे असं मानतात. दवाखान्यातला आकडा १४०/९०. एकदा वर दिसलं म्हणून गोळी वाढवायची नसते आणि दोनदा चांगलं आलं म्हणून बंद करायची नसते.

मग ती गोष्ट करा जी दहातल्या नऊ घरांत होत नाही: उभं करून बीपी. पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा, शेजारी कुणीतरी उभं राहून. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर पहाटे बाथरूमला जाताना पडण्याचं कारण सापडलं. वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार येत असेल तर ईसीजी काढून घ्या. ती लय बिघडलेली असली तर पक्षाघाताचा धोका असतो, आणि तो औषधाने बराच कमी करता येतो.

तापाचं लक्षात ठेवा, म्हाताऱ्या माणसाचं अंग मुळातच थोडं थंड असतं. नेहमी ९७ असणाऱ्या आजींना ९९.५ म्हणजे ताप आहे, विशेषतः सोबत जेवण सुटलं असेल तर.

चौथं काम: गोळ्यांची पिशवी ओता

हे माझं सगळ्यात आवडतं काम. वर्षातून दोनदा तरी घरातली सगळी औषधं एका कापडी पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्या. सगळी म्हणजे आयुर्वेदिक चूर्ण, होमिओपॅथीच्या बाटल्या, डोळ्यांचे थेंब, शेजारणीने दिलेली ‘फार गुणाची’ गोळी आणि देवघराशेजारच्या डब्यातल्या जुन्या पट्ट्यासुद्धा. टेबलावर ओतली की आजाराच्या अर्ध्या गोष्टी तिथेच उलगडतात.

काय दिसतं? एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी, कारण दोन डॉक्टरांनी लिहिलं. चार दिवसांसाठी दिलेली पित्ताची गोळी चौथ्या वर्षी चालू. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका गोळीच्या त्रासासाठी दिलेली दुसरी गोळी. एका आजींची साखळी सांगते. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू केलं. त्याने काहींच्या घोट्यावर सूज येते, त्यांच्याही आली. सूज उतरवायला लघवीची गोळी आली. त्याने रात्री चारदा उठणं सुरू झालं आणि सोडियम उतरलं. सोडियममुळे तोल जायला लागला, म्हणून चक्करची गोळी आली. ती सहा महिने घेतल्यावर हात थरथरायला लागले आणि कुणीतरी कंपवाताचं औषध लिहिलं. मूळ सगळ्याचं पहिल्या गोळीत होतं. ती बदलली, बाकीची हळूहळू काढली, आणि चार महिन्यांनी आजी पुन्हा वाती वळायला लागल्या.

चक्करची गोळी ही आपल्याकडची खास गोष्ट. सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही औषधं दोन-चार दिवसांसाठी ठीक. महिनोन्महिने घेतली तर म्हाताऱ्या माणसात कंपवातासारखी लक्षणं आणू शकतात. लेवोसल्पिराइडही तसंच, आणि ते पित्ताच्या गोळीत मिसळलेलं असतं, त्यामुळे आपण घेतोय हेही कळत नाही. पट्टीवरचं बारीक अक्षर वाचा. शिवाय कूस बदलताना काही सेकंद गरगरणारी चक्कर बहुतेक कानातल्या कणांची असते आणि डोकं ठरावीक पद्धतीने फिरवण्याच्या एका क्रियेनेच बरी होते.

पेनकिलरबद्दल मी कडक आहे. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रोज घेणं म्हणजे बीपी वाढवणं, जठरातून रक्त जाऊ देणं आणि मूत्रपिंडं दुखावणं. बीपीची काही औषधं आणि लघवीची गोळी चालू असताना तर हे त्रिकूट मूत्रपिंडं झटक्यात बिघडवू शकतं. दुखण्यासाठी आधी शेक, वरून लावायचं जेल, मग पॅरासिटामॉल, तेही दिवसाला तीन ग्रॅमच्या आत. यकृत बिघडलेलं असेल किंवा वजन फारच कमी असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून.

झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर पडण्याला ती जबाबदार असू शकते. पण ती आपल्या मनाने एकदम थांबवू नका, त्रास होतो; डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. तेच बीपी, रक्त पातळ करणारी औषधं, स्टेरॉइड यांचं. पिशवीतून काय काढायचं ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त “ही गोळी कशासाठी आणि किती दिवस?” हे प्रत्येक पट्टी हातात धरून विचारा.

पाचवं काम: तपासण्या, हव्या तेवढ्याच

वाढदिवसाला आईबाबांना ‘फुल बॉडी’ पॅकेज भेट द्यायची पद्धत पडली आहे. सत्तर चाचण्यांत दोन-तीन आकडे ठळक छापून येणारच, आणि मग त्यांच्या मागे धावणं सुरू. त्यापेक्षा वर्षातून एकदा हिमोग्लोबिनसह रक्तगणना, साखर व एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज), मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, थायरॉइड, बी-१२, लघवी आणि ईसीजी. डोळे आणि कान वेगळे. पासष्टीनंतर बायकांनी हाडांची डेक्सा चाचणी करावी.

आकडे वाचताना तीन गोष्टी लक्षात असू द्या. क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलं तरी चाळीस किलोच्या आजींची मूत्रपिंडं निम्म्यानेच चालत असू शकतात, कारण तो आकडा स्नायूंवर अवलंबून असतो आणि स्नायूच उरलेले नसतात. वयासह काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा अंदाज, विचारा. बी-१२ कमी असणं शाकाहारी घरांत नेहमीचं, मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत जास्तच. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरणं हे सगळं त्यातून येऊ शकतं. आणि हिमोग्लोबिन कमी, लोह कमी असं आलं तर नुसती लोहाची गोळी देऊन समाधान मानू नका. पर्वतीवाल्या अण्णांच्या आतड्यातून थेंब थेंब रक्त जात होतं. दुर्बिणीतून तपासल्यावर गाठ सापडली, लवकर सापडली.

सहावं काम: रोजचं सांभाळणं

*साखर.* तरुण मधुमेह्याचा आणि ऐंशीच्या आजोबांचा पल्ला एकच नसतो. धडधाकट असतील तर एचबीए१सी साडेसातच्या आत. चार आजार, अशक्तपणा, विस्मरण असेल तर आठपर्यंत चालतं. सहावर आणून दाखवण्यात शौर्य नाही, कारण या वयात चढलेल्या साखरेपेक्षा उतरलेली साखर लवकर घात करते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर येईलच असं नाही. काही जण नुसते विचित्र वागतात, चिडतात, बरळतात. शुद्धीत असतील तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग पोटभर काही खायला द्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी उतरलेली साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या दिवशी लक्ष ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

एकादशी, संकष्टी, चातुर्मास. उपवास सोडा म्हटलं तर आजी डॉक्टरच बदलतील, म्हणून मी तसं म्हणत नाही. मी एवढंच सांगते की उपवासाच्या दिवशी गोळ्या नेहमीसारख्या घ्यायच्या नसतात, त्या दिवसाचा डोस आधी ठरवून घ्या. दिवसभर कोरडं पोट आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, म्हणजे साखर आधी पाताळात आणि मग आकाशात. भगर, ताक, शेंगदाणे, दूध थोडं थोडं दिवसभर घेतलं तर देवही रागावत नाही.

*धाप.* पाय सुजतात, उशा वाढवाव्या लागतात, आडवं झालं की घुसमटतं, असं असेल तर हृदय. रोज सकाळी शौचानंतर, नाश्त्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी आहे, लगेच कळवा. विडी-सिगारेट कधी न ओढलेल्या आजींनाही दम्यासारखा आजार असतो, कारण त्यांनी तीस वर्षं चुलीपुढे फुंकणीने फुंकलेलं असतं. डॉक्टरांना हे आपणहून सांगा, कुणी विचारत नाही. आणि बाल्कनीतली कबुतरं! त्यांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. दाणे टाकणं पुण्यकर्म वाटत असेल तर ते घरापासून लांब अंगणातल्या चिमण्यांसाठी करा.

*सांधे.* एक्स-रेत ‘गॅप कमी’ दिसणं आणि दुखणं यांचा हिशेब जुळतोच असं नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हेच मुख्य औषध: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच-सहा सेकंद धरायचा, दहा वेळा, दिवसातून दोनदा. पावसाळ्यात चिकुनगुन्या झाला की सांधेदुखी महिनोन्महिने रेंगाळू शकते. पण ताप असताना डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

*बीपी आणि मीठ.* भाजीतलं मीठ कमी करून ताटात लोणचं, पापड, सांडगी मिरची. यावर मी आणखी काय बोलू? उन्हाळ्यात मात्र उलटं लक्ष ठेवा. एप्रिल-मेमध्ये पुणं तापतं, पाणी कमी प्यायलं जातं आणि तीच जुनी बीपीची गोळी जास्त पडते. जुलाब-उलट्या झाल्या तर लघवीची आणि बीपीची गोळी त्या दिवशी द्यायची की नाही, हे फोन करून विचारा.

*लसी.* फ्लूची दरवर्षी, पावसाळ्याआधी. न्यूमोकोकलची पासष्टीनंतर. नागिणीची परवडत असेल तर.

सातवं काम: घर

सुताराला बोलावून एक दिवसात होणारं काम आहे, तरी मांडीचं हाड मोडल्यावरच होतं. कमोडशेजारी आणि न्हाणीघरात दांडी, ओल्या फरशीवर रबरी चटई, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून ठेवा. सैल स्लिपर टाकून द्या, मागे पट्टा असलेल्या चपला आणा. अंथरुणातून उठताना आधी बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. पडल्यानंतर एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, उभं राहता येत नसलं, तर मालिशवाल्याला बोलावू नका. ते फ्रॅक्चर आहे आणि ऑपरेशन दोन दिवसांच्या आत झालेलं बरं.

आणि जिथे वाट बघायची नसते तिथे

तोंड एका बाजूला ओघळलं, हात वर धरता येईना, बोलणं अडखळलं: घड्याळ बघून वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, म्हणून स्कॅनची सोय असलेल्याच रुग्णालयात जा. लक्ष्मी रस्त्याची गर्दी त्या साडेचार तासांतच मोजली जाते. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव असेल तर घात होईल. छातीवर दाब, अचानक धाप, काळी डांबरासारखी शौच, बेशुद्धी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्यावर पडणं, यांनाही हाच नियम. शेवटच्या बाबतीत वरून काही दिसत नसलं तरी.

पैशाचं आधीच बघून ठेवा. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ते सुरू झालं. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे दाखल होऊन घेतलेले उपचार त्यात बसतात, पण योजनेत असलेल्याच रुग्णालयात, आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. त्या सरकारी योजनेतल्या जनऔषधी दुकानात बऱ्याच स्वस्त मिळतात. पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहेच. रांग असते, म्हणून सकाळी लवकर जा आणि सोबत पोळीभाजीचा डबा ठेवा. घरात कुणी नसलेल्या ज्येष्ठांना १४५६७ या हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळतं.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिली दोन मिनिटं वही उघडून सांगा: काय बदललं, केव्हापासून, कोणती नवी गोळी. मग गप्प बसा आणि नानांना बोलू द्या. मुलगा उत्तरं देत राहिला की मला नानांचं बोलणं, त्यांची धाप, त्यांचं चुकणं काहीच ऐकू येत नाही. दोन मिनिटं तुम्हाला बाहेर बसा म्हटलं तर रागावू नका. पडल्याचं, लघवी सांडल्याचं, मन उदास असल्याचं मला बरेचदा दार लोटल्यावरच कळतं.

वहीच्या शेवटच्या पानावर पुढची माहिती लिहा आणि त्याची एक प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून फ्रिजच्या दारावर चिकटवा: नाव, वय, आजार, चालू औषधं डोससकट, कशाची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी आहे का, डॉक्टरांचा आणि दोन नातेवाइकांचा नंबर. घराची एक किल्ली समोरच्या बिऱ्हाडात द्या आणि ते पाकीट कुठे आहे हेही त्यांना दाखवून ठेवा.